डेकवर मांजराच्या ताटलीत जेवणारा पॉसम: काळजी करावी का?

चकलीभाजणी | १९ ऑगस्ट, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. घरात एक बोका आहे, खंडू. वय ४, नसबंदी झालेली, दिवसा परसात उनाडतो आणि रात्री घरात असतो. शिवाय गेल्या हिवाळ्यापासून एक करडी भटकी मांजर डेकवर येते. तिच्यासाठी झोपायच्या आधी ताटलीत कोरडा खाऊ ठेवते, सकाळी ताटली चकाचक असते. मला वाटायचं, काय भूक आहे बिचारीला!

सध्या आई सांगलीहून आली आहे. परवा रात्री ती पाणी प्यायला उठली आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरून आम्ही दोघं धावत खाली. "अगं, केवढी ही घूस! मांजराएवढी घूस!" काचेच्या दारातून बघितलं तर पांढरट तोंडाचा, उघड्या शेपटीचा पॉसम ताटलीत तोंड खुपसून मचमच खात बसलेला. पण खरं आश्चर्य पुढेच. करडी दोन हातांवर पायऱ्यांवर शेपटी गुंडाळून बसली होती. ना फिसफिस, ना गुरगुर. रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखी. त्याचं झाल्यावर तो डुलत डुलत डेकखाली गेला आणि ही उरलेलं खायला आली.

आमचे खंडेराव मात्र काचेच्या आतून शेपटीचा बाटली धुवायचा ब्रश करून शिव्या घालत होते.

प्रश्न असे: हा प्राणी मांजराला चावतो का? रेबीजचं काय? आणि खंडूला दिवसा बाहेर सोडत राहू का? आईचा उपाय काठी आहे. तो सोडून सांगा.

निशाचर | १९ ऑगस्ट, रात्री ११:४०

घूस!! आईंना साष्टांग नमस्कार सांगा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही तेच वाटलं होतं, फक्त ओरडायची हिंमत झाली नव्हती.

घुशीचा आणि याचा काडीचा संबंध नाही. हा शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गोतातला. मेक्सिकोच्या उत्तरेला पोटाला पिशवी असलेला हा एकच प्राणी आहे.

हडसनकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ६:५५

भाजणीताई, मी अकरा वर्षं एका दुकानांच्या रांगेमागे भटक्या मांजरांना खायला घालतो. सध्या सात आहेत, सगळ्यांची नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. त्यामुळे पॉसम हे माझे न बोलावलेले नेहमीचे पाहुणे. तुम्ही जे पाहिलंत ते अपवाद नाही, तोच नियम आहे.

मोठं मांजर आणि मोठा पॉसम वजनाने साधारण बरोबरीचे. पॉसम दोन किलोंपासून पाच-सहा किलोंपर्यंत भरतो. दोघांनाही भांडण परवडत नाही आणि दोघांनाही ते कळतं. पॉसमची पद्धत अशी: कोणी फार जवळ आलं की जबडा आ वासून उभा राहायचं, लाळ गाळायची, घशातून खर्रर्र आवाज काढायचा. तोंडात ५० दात असतात, उत्तर अमेरिकेतल्या जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याच सस्तन प्राण्याला इतके नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, आता गिळतो. प्रत्यक्षात ते निव्वळ प्रदर्शन असतं. पुढचा सरकला नाही तर हा स्वतःच काढता पाय घेतो. अकरा वर्षांत रक्त निघालेलं भांडण एकही पाहिलं नाही. मांजराने फटकावलेलं मात्र दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा पॉसमने मान खाली घालून खाणं चालूच ठेवलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा धक्का लागावा तसं.

डोळे अधू, नाक तीक्ष्ण. तो तुमच्या करडीसाठी येत नाही, खाऊच्या वासाने येतो. ताटली नसेल तर त्याला तिच्यात काही रस नाही.

अपवाद पिल्लांचा. डेकखाली मांजर व्यायली असेल आणि पिल्लं डोळे न उघडलेली असतील तर मी धोका पत्करणार नाही. पॉसमला मिळेल ते चालतं: किडे, गोगलगाई, पडकी फळं, मेलेले उंदीर, पक्ष्यांची अंडी. असहाय पिल्लू समोर आलं तर तो भूतदया दाखवेल असं समजू नका.

उपाय साधा आहे. ताटली संध्याकाळी उजेड असताना ठेवायची, अर्ध्या तासाने उचलायची. करडी आठवड्यात वेळ शिकेल. मांजरं घड्याळ आपल्यापेक्षा बरं पाळतात.

गुहागरकर | २० ऑगस्ट, दुपारी १:२०

अमेरिकेतल्या मंडळींचं वाचून मौज वाटली, कारण आमच्याकडे हेच नाटक वेगळ्या पात्रांत चालतं. आमच्या माळ्यावर उदमांजर आहे. रात्री कौलांवरून धाडधाड पळतं, पिकला पपई-चिकू आपला म्हणतं. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. आजी म्हणायची, माळ्यावरून भात शिजल्यासारखा वास आला की समजायचं, आलं.

घरच्या मांजरीचं आणि त्याचं असंच. मांजरीचा ओटा, उदमांजराचा माळा. एकदाच मांजरीने जिन्यावर चढून बघितलं, वरून काय आवाज आला देव जाणे, चार पायऱ्या एकदम उतरली. त्यानंतर जिना तिने सोडला तो सोडलाच.

केसर_पिस्ता | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

सगळे फारच कौतुक करताय. घरात लहान मुलं असणाऱ्यांनी काय करायचं? लाळ गाळणारा प्राणी म्हणजे मला तरी रेबीजच आठवतो. आमच्या शेजाऱ्याने सापळा लावला, पॉसम पकडला आणि दहा मैलांवरच्या पार्कात सोडून आला. प्रश्न मिटला. मी तर तेच सुचवेन.

शेपटीवाला | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

मी ह्यूस्टनला प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो (डॉक्टर नाही, टेक्निशियन). केसर_पिस्ता, तुमची शंका रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा.

रेबीज: पॉसममध्ये तो फार क्वचित सापडतो. त्याच्या शरीराचं तापमान बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतं, म्हणून विषाणूला तिथे नीट वाढता येत नसावं, असं साधारण मानलं जातं. इथे रेबीजसाठी काळजी करायची ती वटवाघूळ, रॅकून, स्कंक (घाण वासाची पिचकारी मारणारा प्राणी) आणि कोल्ह्याची. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. सस्तन प्राणी चावला तर जखम साबणाने धुवून डॉक्टरकडे जायचं, यात पॉसमला सूट नाही. आणि खंडूची रेबीजची लस चालू आहे ना, भाजणीताई? ती असेल तर निम्मी काळजी तिथेच संपली. लाळ हा त्याच्या भेदरण्याचा भाग आहे, आजाराचा नव्हे.

खरा मुद्दा पिसवांचा. मांजराच्या अंगावर जी पिसू असते तीच पॉसमच्या अंगावरही मजेत राहते. एकाच ताटलीवर, एकाच डेकखाली दोघांचा वावर म्हणजे पिसवांची बस सेवा. दक्षिण कॅलिफोर्नियात आणि आमच्या टेक्सासमध्ये याच पिसवांमार्फत माणसाला टायफस (एक प्रकारचा ताप) होतो. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत त्याची साथ आली होती. तुमच्याकडे जर्सीत त्याचा तसा जोर नाही, पण पिसवा घरात शिरल्या की गालिच्यातून काढताना नाकी नऊ येतात. तेव्हा खंडूला दर महिन्याचं पिसवांचं औषध न चुकता.

आणि इथे कळकळीने सांगतो: कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे. "थोडंच लावलं होतं" म्हणत झटके येणारं मांजर घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

दहा मैलांवर सोडण्याबद्दल: बऱ्याच राज्यांत परवानगीशिवाय हे बेकायदेशीर आहे. शिवाय मादी असेल आणि पिल्लं कुठे मागे राहिली असतील तर? आणि मोकळी झालेली जागा आठवड्याभरात दुसरा पॉसम घेतो, कारण ताटली तिथेच असते. शेजाऱ्याला विचारा, प्रश्न खरंच मिटला का.

केसर_पिस्ता | २० ऑगस्ट, रात्री १०:१५

विचारलं. रॅकून येतो म्हणे आता. मी गप्प बसते.

मेलबर्नची_मावशी | २१ ऑगस्ट, पहाटे ४:३० (इथे संध्याकाळ आहे हो)

थांबा थांबा, पॉसम आणि घूस? आमच्याकडचे पॉसम तर झुपकेदार शेपटीचे, कानाला गोंडस, छपरावर नाचणारे! मग लक्षात आलं, तुमचा वेगळा. आमच्याकडे आधी माणसं राहत होती, पॉसम होते. इंग्रज नंतर आले. १७७० मध्ये कॅप्टन कुकबरोबर आलेल्या जोसेफ बँक्सने इथल्या प्राण्याला अमेरिकेतल्या ओपॉसमसारखा म्हटलं आणि नाव चिकटलं. पिशवी दोघांना आहे, बाकी गोत्र दूरचं.

आणि इथे हिशेब उलटा आहे. तुम्ही विचारताय पॉसमपासून मांजराला धोका का. आम्हाला विचारतात, मांजरापासून पॉसमला काय? छोटा रिंगटेल पॉसम मांजराच्या हाती सहज लागतो. आमच्याकडचे पॉसम कायद्याने संरक्षित, आणि कित्येक पालिकांनी मांजरं रात्री, काहींनी दिवसरात्र घरात ठेवायची सक्ती केलीय. कॅनबेरात तर १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं. आमच्या मनीसाठी जाळीचा पिंजरा-व्हरांडा बांधून घेतलाय, त्यात ती महाराणीसारखी बसते आणि पलीकडच्या फांदीवरून पॉसम तिला चिडवतो.

बाजूच्या न्यूझीलंडमध्ये आणखी उलटं. १८३७ साली फरच्या धंद्यासाठी आमचाच पॉसम तिथे नेला, आता तो तिथला शत्रू क्रमांक एक. एकच प्राणी, समुद्र ओलांडला की लाडका ते गुन्हेगार.

निशाचर | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

मावशी, नावाचा विषय काढलात म्हणून. 'ओपॉसम' शब्द व्हर्जिनियातल्या पोहॅटन लोकांच्या भाषेतला, अर्थ साधारण पांढरा प्राणी असा. कॅप्टन जॉन स्मिथने १६१२ मध्ये छापलेल्या वर्णनात लिहिलंय की याचं डोकं डुकरासारखं, शेपूट उंदरासारखी आणि आकार मांजराएवढा.

म्हणजे भाजणीच्या आईंनी ४०० वर्षांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. उंदराची शेपूट, मांजराएवढी. फक्त डुक्कर राहिलं.

चकलीभाजणी | २४ ऑगस्ट, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. खंडूची लस चालू आहे, पिसवांचं औषध मध्ये दोन महिने विसरले होते (कबूल), ते सुरू केलं. ताटली आता सात ते साडेसात. पहिले दोन दिवस करडी आलीच नाही, तिसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी हजर.

आईने मात्र स्वतंत्र तपास सुरू केलाय. रात्री डेकवर तांदळाचं पीठ भुरभुरवते आणि सकाळी चहा घेऊन ठसे वाचायला बसते. करडीचे गोल, चार बोटांचे, नखं न उमटलेले. दुसरे चिमुकल्या माणसाच्या हातासारखे, बोटं चांदणीसारखी फाकलेली. आणि मागच्या पावलाला अंगठा चक्क आडवा! आई म्हणते, हे हात असलेलं जनावर आहे, याला दार उघडता येत असणार. दोन कड्या लावते रोज.

हडसनकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

आईंना माझ्या वतीने शंभर पैकी शंभर. तो आडवा अंगठा हीच पॉसमची सही. त्या अंगठ्याला नख नसतं, फांदी पकडायला वापरतो. कड्या काढायचं काम रॅकूनचं, याचं नव्हे. आणि पीठ बंद करायला सांगा, त्याच्यासाठी तोही फराळच!

मोगरा७ | २५ ऑगस्ट, दुपारी १२:०२

अहो, पण त्याला हाकलताय कशाला? पॉसम एका मोसमात ५००० गोचिडी खातो! जर्सीत गोचिडींमुळे होणारा लाइम रोग केवढा आहे. मी तर मुद्दाम खायला ठेवेन.

शेपटीवाला | २५ ऑगस्ट, रात्री ८:४५

मोगराताई, हा आकडा सगळीकडे फिरतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याचा उगम २००९ च्या एका अभ्यासात आहे. पिंजऱ्यातल्या पॉसमच्या अंगावर मोजून गोचिडीच्या अळ्या सोडल्या, नंतर किती गळून पडल्या ते मोजलं, आणि ज्या सापडल्या नाहीत त्या खाल्ल्या असं धरलं. त्यावरून गुणाकार करत हजारांपर्यंत गेले. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी इलिनॉयमधल्या ३२ रानटी पॉसमच्या पोटातलं अन्न तपासलं, त्यात एकही गोचीड सापडली नाही. अंग चाटताना एखादी जात असेल, पण गोचिडी हा त्याचा आहार नव्हे. लाइमसाठी लांब मोजे घाला आणि गवतातून आल्यावर अंग तपासा.

मुद्दाम खाऊ घालणं तर नकोच. एका ताटलीला एक पॉसम येतो, चार ताटल्यांना चार, आणि मागोमाग स्कंक. स्कंकने खंडूवर पिचकारी मारली की तुम्हाला हा धागा आठवेल.

हां, आवडायला कारणं आहेतच. रॅटलस्नेकच्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. आमच्या टेक्सासमध्ये हे काही कमी नाही.

बोकोबा | २६ ऑगस्ट, रात्री ११:३०

माझाही एक किस्सा. भटक्या मांजरीला नसबंदीसाठी पकडायला सापळा लावला, आत सार्डिन. सकाळी अंधारात कापड टाकून सापळा गाडीत ठेवला, वीस मिनिटांवरचा दवाखाना गाठला. काउंटरवर कापड उचललं, आत दात विचकलेला पॉसम. बाई शांतपणे म्हणाल्या, "याची नसबंदी आम्ही करत नाही."

परत आणून होता तिथेच दार उघडून ठेवलं. सुटेना! पाच मिनिटं विचार केला, मग उरलेलं सार्डिन चाटून निघाला. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच सापळ्यात. आता मी सापळा लावला की शेजारी बसून राहतो.

चकलीभाजणी | ३० ऑगस्ट, रात्री १२:१५

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संध्याकाळी शेजारचा कुत्रा पट्टा सोडवून आमच्या परसात घुसला. भुंकणं, झटापट, मग एकदम शांत. बाहेर जाऊन बघतो तर कुंपणाजवळ पॉसम आडवा पडलेला. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळे अर्धवट, आणि वास असा की विचारू नका. कुत्र्याला शेजाऱ्याने नेलं. माझं काळीज तुटलं हो, गेले दोन आठवडे रोज बघतेय त्याला. आई म्हणाली, "गेलं बिचारं. काल उगाच घूस म्हटलं मी." नवऱ्याने हातमोजे आणि कचऱ्याची काळी पिशवी आणली.

तेवढ्यात हडसनकाठांनी या साइटवर कधीतरी लिहिलेलं आठवलं आणि मी ओरडले, थांब! खंडूला आत कोंडलं, पडदे ओढले, दिवे घालवले. चाळीस मिनिटांनी आधी कान हलला. मग मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि काहीच घडलं नाही अशा थाटात डेकखाली निघून गेला.

आईने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "नाटकी आहे मेला."

हडसनकाठ | ३० ऑगस्ट, सकाळी ७:००

पिशवी बांधली नाहीत हे फार चांगलं केलंत. पण आईंना सांगा, नाटक नाही ते. त्याच्या हातात नसतं, भीती टोकाला गेली की शरीर आपोआप बंद पडतं. श्वास मंदावतो, ठोके कमी होतात, मागून हिरवट घाण सुटते, तोच तो वास. काही मिनिटांपासून चार तासांपर्यंत चालू शकतं. मांजरापुढे सहसा ही वेळ येत नाही, कुत्र्यापुढे येते. माझ्या मते हाच दोघांच्या नात्याचा सगळ्यात चांगला पुरावा: मांजराची त्याला तेवढी भीतीच नाही.

चकलीभाजणी | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

तातडीचं! खंडूने तोंडात पॉसमचं पिल्लू आणून पायपुसण्यावर ठेवलंय. जिवंत आहे. मुठीत मावेल एवढं. रक्त दिसत नाही. दूध देऊ का?

शेपटीवाला | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२६

दूध नको. पाणीही नको, खाऊही नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टीशर्ट, झाकणाला भोकं, अर्ध्या खोक्याखाली उबदार पिशवी, अंधार आणि शांतता. हातमोजे घाला. रक्त दिसत नसलं तरी मांजराच्या दातांतले जंतू दिवस-दीड दिवसात पिल्लाला मारतात, त्याला अँटिबायोटिक लागणारच. परवानाधारक वन्यजीव रिहॅबर (जखमी, अनाथ प्राणी सांभाळून परत सोडणारे) शोधा, राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर यादी असते. आत्ताच फोन करा.

हडसनकाठ | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३१

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात इंचांहून कमी असेल तर ते एकट्याने जगण्याइतकं मोठं नाही. आईच्या पाठीवरून पडलं असणार, ती वळून शोधायला येत नाही. आणि टॉर्च घेऊन परस बघा, एक पडलं तर दुसरंही असू शकतं.

चकलीभाजणी | ५ सप्टेंबर, रात्री १०:४०

दुसरं सापडलं, हायड्रेंजियाच्या खाली. आईनेच शोधलं. दोन्ही चाळीस मिनिटांवरच्या रिहॅबरबाईंकडे पोचली. त्यांनी सांगितलं, जन्मतात तेव्हा मधमाशीएवढी असतात, तीही जेमतेम १२-१३ दिवसांच्या गर्भातून, आणि पिशवीत जागा १३ जणांचीच. पहिल्याचं औषध सुरू केलंय, दुसरं धडधाकट.

म्हणजे आमचा 'तो' ती होती. एवढे दिवस पोरं घेऊन पंगतीला येत होती आणि आम्ही तिच्या ताटावर वेळेचं बंधन घातलं. आई नाराज आहे माझ्यावर.

खंडूचं दिवसाचं उनाडणं बंद. तुम्ही सगळे त्याला पॉसमपासून वाचवायचं सांगत होतात, मावशींचंच खरं निघालं.

मेलबर्नची_मावशी | ६ सप्टेंबर, पहाटे ५:१५

मी काही बोलले नाही हो. जाळीच्या व्हरांड्याचे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

केसर_पिस्ता | २१ सप्टेंबर, सकाळी ९:००

धागा वर काढते. पिल्लांचं काय झालं?

चकलीभाजणी | २१ सप्टेंबर, रात्री ८:३५

पहिलं नाही वाचलं. दुसऱ्या रात्रीच गेलं. दुसरं मस्त आहे, महिन्याभरात सोडतील.

करडीचं खाणं आता गॅरेजमध्ये, चिप वाचून उघडणारं मांजराचं दार बसवलंय. तिला नसबंदीच्या वेळी चिप लावली होती, म्हणून तिलाच उघडतं. पहिले चार दिवस दार टेकू लावून उघडं ठेवलं, मग पडदी अर्धी, मग पूर्ण बंद. सेलवर चालतं. काल रात्री कॅमेऱ्यात पॉसम आली होती, दाराला नाक लावून थोडा वेळ उभी राहिली आणि डेकखाली गेली.

बोकोबा | २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

दार कितीला पडलं? आणि रॅकून ते ओढून उघडतो का? माझ्याकडे दोन आहेत.